तारेची जागा

समुद्राकाठचा तो विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याचे एक मोठे शेड, रेडिओची एक खोली आणि दिवसभर गरम असणारी चहाची किटली. शेडमध्ये दोन-दोन इंजिनांची तीन लहान विमाने होती. ती दूरच्या बेटांवर टपाल आणि औषधे नेत आणि येताना आजारी माणसे आणत. किनारा दिसतो आहे तोवर वैमानिक छोट्या रेडिओवर बोलत. पण समुद्रावरून अर्धा तास उडाले की तो रेडिओ मुका होई, आणि मग कामाला येई ती विमानाच्या पाठीवर ताणलेली एक साधी तार. शेपटीच्या उभ्या पंखाच्या टोकाला बांधलेली, तिथून पुढे छतावर आलेली, लांबून पाहिले तर कपडे वाळत घालायची दोरीच. ती तार विमानावर कुठे बांधायची हे ठरवणारा माणूस म्हणजे तारकाका. एकतीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही, असे त्यांच्या बायकोचे म्हणणे. ते रेडिओही दुरुस्त करत, पण ते काय कोणीही करतो, असे त्यांचे म्हणणे.

नवख्याला वाटते, तार ती तार, ठोकली इथे काय आणि तिथे काय. असे कोणी म्हणाले की तारकाका त्याला हाताला धरून विमानाभोवती फिरवत. तार लांब हवी, कारण आखूड तारेला लांबचे ऐकू येत नाही. ती इंजिनांपासून दूर हवी, कारण इंजिनाची वीज रेडिओत घुसून कटकट करते. ती विमानाच्या अंगाला चिकटून नको, दारावर नको, शिडी लागते तिथे नको, आणि तुटलीच तर सुकाणूत अडकेल अशी तर मुळीच नको. "आता दाखव जागा," असे म्हणून ते हात मागे बांधून उभे राहत. नवखा वर बघत राही. एवढ्या मोठ्या विमानावर एका तारेला जागा नाही, हे त्याला हळूहळू कळे.

काकांची स्वतःची पद्धत आणखी वेगळी होती. पत्र्याला भोक पाडण्याआधी ते ठरवलेल्या जागी पांढरी सुतळी बांधत आणि आठवडाभर तशीच ठेवत. भोक पाडायला एक मिनिट लागते, ते बुजवायला माणूस जन्मभर पुरत नाही, असे ते म्हणत. त्या आठवड्यात विमानाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. पंखावर नळी घेऊन चढणारे तेलवाले मामा, लांब दांड्याच्या फडक्याने विमान धुणारी मावशी, सामान चढवणारे दोघे भाऊ. पूर्वी एकदा त्यांनी मावशीला विचारले नव्हते, आणि नवी कोरी तार तिसऱ्याच दिवशी तिच्या फडक्यात गुंतून बादलीत आली होती. चूक तिची नव्हती, हे त्यांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितले, आणि तेव्हापासून मावशीचा होकार आल्याशिवाय ते साधा स्क्रूसुद्धा काढत नसत.

सगळ्यांचे होकार आले की शेवटी ऐकायचे. दोन्ही इंजिने चालू करायची, रेडिओचा काटा कोणी बोलत नसेल अशा जागी लावायचा, कानावर हेडफोन चढवायचे आणि डोळे मिटून बसायचे. इंजिनाची शिट्टी, प्लगची टकटक, काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये. मग ते चाचणीच्या कागदावर एकच शब्द लिहीत, 'शांत'. त्यांच्या कानांचा दबदबा मोठा होता. शेडच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून कुठल्या इंजिनाच्या कितव्या प्लगला काजळी धरली आहे ते सांगत, आणि इंजिनवाले कुरकुरत तोच प्लग काढत. त्यांच्या 'शांत'वर कोणी दुसऱ्यांदा ऐकायला बसत नसे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना एका विमानाचे दार मोठे केले. स्ट्रेचर सरळ आत जावे म्हणून. जुनी तार नेमकी त्या दारावरून सुरू होत होती, तेव्हा तिला नवी जागा शोधणे आले. काकांनी सुतळी बांधली, आठवडा गेला, सगळ्यांनी माना डोलावल्या. तारेचे पुढचे टोक वैमानिकाच्या मागे, छताच्या डाव्या अंगाला आले. काकांनी डोळे मिटून ऐकले, 'शांत' लिहिले आणि भोक पाडले.

ते विमान चालवायची ती कॅप्टन. तिशीची, बोलायला फटकळ, पण काकांपुढे मऊ. नोकरीला लागली तेव्हा दूरच्या रेडिओवर कसे ऐकायचे हे तिला काकांनीच शिकवले होते. खरखरीतून माणसाचा आवाज कसा वेचून घ्यायचा, ऐकू आले नाही तर न लाजता पुन्हा कसे विचारायचे. तिच्या लग्नात काका तिच्या वडिलांपेक्षा जास्त रडले, अशी चेष्टा सगळे करत. नव्या तारेने पहिली फेरी मारून ती उतरली तेव्हा काका शिडीपाशी उभेच होते.

"काय म्हणते तार?"

"छान आहे काका," ती म्हणाली आणि हातमोजे काढत निघून गेली.

पुढे दीड महिना काकांनी दर फेरीनंतर विचारले आणि दर वेळी तार छान होती. काकांना बरे वाटे. जाता जाता एक चांगले काम हातून झाले, असे ते घरी म्हणालेही.

मग एका दुपारी ती एका बेटावर एका आजारी आजोबांना आणायला गेली. तिथे सकाळी धो धो पाऊस पडून धावपट्टीवर गुडघाभर पाणी साचले होते. बेटावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने रेडिओवर तीनदा सांगितले, इथे उतरू नका, आजोबांना होडीने शेजारच्या बेटावर नेतो आहोत, तिकडे जा. इकडच्या ऑपरेटरनेही दोनदा तेच ओरडून सांगितले. कॅप्टन मात्र सरळ त्या पाण्यावर जाऊन पोचली, तिथे चार घिरट्या घातल्या, आणि खाली सिस्टर हातातली चादर हलवून शेजारच्या बेटाकडे खुणा करताना दिसली तेव्हा कुठे तिला उमगले. आजोबांना तासभर किनाऱ्यावर पडून राहावे लागले. ती परत उतरली तेव्हा टाकीत तेल तळाला गेले होते. आजोबा वाचले, विमान वाचले, पण सगळे थोडक्यात.

"हवा खराब होती," एवढेच ती काकांना म्हणाली.

काका रेडिओच्या खोलीत गेले. ऑपरेटरने काय काय बोलणे झाले ते मिनिटामिनिटाने लिहून ठेवले होते. काकांनी ते दोनदा वाचले. "तिचं बोलणं कसं येत होतं?" त्यांनी विचारले.

"एकदम स्वच्छ. तिलाच आमचं काही येत नव्हतं. आणि काका..." ऑपरेटर थांबला. "काही नाही."

रेडिओ बिघडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तो उघडून पाहिला. रेडिओ ठणठणीत. मग शेडच्या साहेबांना इंजिन चालू करायला बसवले, हेडफोन चढवले, डोळे मिटले. शांत. इंजिन वाढवायला सांगितले. शांत. काकांनी हेडफोन साहेबांच्या कानांवर ठेवले. साहेबांनी जरा ऐकल्यासारखे केले आणि म्हणाले, "शांतच आहे की." पण म्हणताना ते समोरच्या काट्यांकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत साहेब इतक्या लवकर त्यांच्याशी कधी सहमत झाले नव्हते.

मावशी मागे बसून आतून काचा पुसत होती. काकांनी हेडफोन साहेबांच्या डोक्यावरून काढले आणि तिच्यापुढे धरले. साहेब "अहो, तिला काय त्यातलं" असे काहीतरी म्हणाले, पण तोवर मावशीने हात पुसून ते कानांवर चढवले होते.

"काय ऐकू येतं?"

"शिट्टी वाजतेय की. कानापाशी डास आल्यागत."

"साहेब, इंजिन वाढवा."

साहेबांनी नाइलाजाने वाढवले. मावशीने तोंड वाकडे केले. "आता डास वरच्या पट्टीत गेला. घ्या बाई काढून, डोकं उठलं माझं." आणि तिने हेडफोन काकांच्या हातात दिले. तिला कोणी कटात घेतले नव्हते, तेव्हा खोटे बोलायचे आहे हे तिला बिचारीला माहीतच नव्हते.

काकांना समजायला वेळ लागला नाही. डाव्या इंजिनाच्या विजेची जाड केबल छताच्या आतून, नेमकी तारेच्या टोकाखालून गेली होती. तिची शिट्टी तारेत घुसत होती. ही गोष्ट त्यांच्या कानाने पूर्वी झोपेतही पकडली असती. माणसांचे बोलणे त्यांना ऐकू येत होते, इंजिनाची घरघर येत होती, पण आवाजाच्या वरच्या, बारीक टोकाची पट्टी त्यांच्या कानांतून कधी निघून गेली ते त्यांना कळलेच नव्हते. जे ऐकूच येत नाही ते गेले हे कळणार कसे?

कॅप्टन चहाच्या किटलीपाशी सापडली. काकांनी आडून विचारले नाही.

"पहिल्या दिवसापासून शिट्टी होती?"

तिने कप खाली ठेवला. "हो."

"आणि कोणाकोणाला माहीत होतं?"

"मावशी सोडून सगळ्यांना. चारच महिने राहिले होते काका. तुमच्यानंतर कोणी येईल तो हलवेल तार, तोवर काढू कसेबसे, असं ठरवलं आम्ही. तुमच्या शेवटच्या कामात खोट काढायची म्हणजे..."

"माझा मान राखायला तू आकाशात बहिरी झालीस?" काकांचा आवाज चढला. किटलीजवळचे सगळे कपात बघू लागले. "मी तुला काय शिकवलं होतं? ऐकू नाही आलं तर न लाजता विचार. आणि तू माझीच लाज धरलीस? उद्या समुद्रात गेली असतीस म्हणजे माझा मान घेऊन मी काय करायचं होतं?"

एवढे बोलून ते तडक घरी निघाले. डबा तसाच राहिला.

घरी काकू भाजी निवडत होत्या. भर दुपारी नवरा घरी आलेला पाहून त्या उठल्या. काका खिडकीपाशी बसले आणि म्हणाले, "अगं, माझे कान गेले."

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या.

"आणि सांगितलं नाहीस?"

"नाही कशी? शेगडीपाशी ठेवलेलं गजराचं घड्याळ किणकिणत बसतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे चला. तर म्हणालात, माझे कान बघूनच नोकरी दिली त्यांनी. मग ओरडून सांगितलं. तर म्हणालात, अंगावर का येतेस. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसानं?"

काकांना हसू आले आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आले. त्यांनी ते लपवले नाही. "कान गेले त्याचं नाही गं एवढं," ते म्हणाले. "ती पोर दीड महिना ती शिट्टी कानात घेऊन उडत होती. आणि मी रोज शिडीपाशी उभा राहून शाबासकी गोळा करत होतो." काकूंनी भाजीचे ताट बाजूला सारले आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, मुख्य कचेरीतून रेडिओचा माणूस मागवला आहे, दोन आठवड्यांत येईल, तोवर ते विमान उभे राहू दे. काका म्हणाले, मोठ्या दाराचे विमान हे एकच, बेटांवरच्या स्ट्रेचरने तोवर कुठे जायचे? तार कुठे बसवायची हे मला अजून कळते, फक्त ऐकायला दुसऱ्याचे कान हवेत.

"मग मी ऐकते," कॅप्टन चटकन म्हणाली.

"तू नाही. तू छान म्हणशील. साहेबही नाहीत. या शेडमधल्या कोणाच्याही कानावर आता माझा विश्वास नाही. मावशी खरी, पण ती काल मला बघून हळहळली, आता तीही सांभाळून घेईल." काकांनी टोपी डोक्यावर घातली. "मला असं माणूस हवंय जे माझा मान राखायला आजवर एकदाही खोटं बोललेलं नाही. असं एकच आहे, आणि त्याला मी घेऊन येतो."

अर्ध्या तासात काकू वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल टाकलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आणि हेडफोनखाली अंबाडा बसत नाही म्हणून तक्रार चालू. इंजिने चालवायला कॅप्टन. काकांनी तार चिकटपट्टीने एका जागी लावली, खाली उतरले, आत येऊन मागे बसले आणि खूण केली. इंजिने सुरू झाली.

"आहे शिट्टी," काकू म्हणाल्या.

इंजिने बंद. काका पुन्हा शिडीवर, टोक हातभर मागे. पुन्हा आत. "आहे." छताच्या उजव्या अंगाला. "आहे, जरा कमी." आणखी मागे. "कमी आहे, पण आहे." सकाळ गेली, ऊन चढले, काकांचे गुडघे कुरकुरू लागले. पाचव्या जागी काकू बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फार बारीक आहे."

"एवढी चालेल हो काकू," कॅप्टन म्हणाली. "एवढीचं काही वाटत नाही मला."

काकूंनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि तिच्याकडे वळून पाहिले. "चालेल काय? यांच्या गुडघ्यांची दया येते तर त्यांना चहा पाज. शिट्टी आहे तर आहे."

काकांनी मागे बसल्या बसल्या हे ऐकले आणि त्यांना आपल्या बायकोचे इतके कौतुक वाटले की क्षणभर ते तार विसरले. मग खाली उतरून विमानाला एक पूर्ण फेरी मारली आणि उजव्या पंखाच्या टोकाकडे बघत उभे राहिले. शेपटीपासून तिरकी पंखाच्या टोकाकडे. दिसायला ओंगळ, आजवर त्यांनी ती जागा मनातही आणली नव्हती. पण तारेचे आत शिरणारे टोक मागे शेपटीजवळ घेतले तर डावी केबल आणि तार यांची गाठच पडत नव्हती.

तेलवाले मामांना बोलावले. मामा म्हणाले, तेलाचे झाकण पंखाच्या मध्यावर आहे, तार त्याच्या आत आली तर नळी अडकेल. काकांनी टोक दोन हात बाहेर नेले. मावशी म्हणाली, तिथे फडके पोचते, पण मी आता खालून पुसेन. मग पुन्हा इंजिने. काकू ऐकत बसल्या. कॅप्टनने इंजिन वाढवले, कमी केले, पुन्हा वाढवले. काकूंच्या कपाळावर सकाळपासून जमलेल्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या, आणि मागे बसलेल्या काकांना त्या बोलण्याआधीच कळले.

"नाही," काकू म्हणाल्या. "काही नाही. समुद्रासारखं नुसतं सूंऽऽ."

सुतळी या वेळी दोनच दिवस राहिली, पण राहिली. भोक पाडून झाल्यावर काकांनी चाचणीचा कागद काढला. 'कोणी ऐकले' या रकान्यात एकतीस वर्षे त्यांचीच सही होती. त्यांनी तिथे लिहिले, 'मी नाही, माझ्या पत्नीने', आणि खाली काकूंची सही घेतली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, डोके खाजवले आणि शिक्का मारला. कानाच्या डॉक्टरांची वेळही काकूंनी त्याच दिवशी ठरवून टाकली. या खेपेला काका हो म्हणाले.

पहिल्या फेरीला सगळे रेडिओच्या खोलीत जमले. ऑपरेटर, साहेब, मामा, मावशी, आणि खुर्चीवर काकू. कॅप्टन किनारा सोडून अर्धा तास पुढे गेली, मग दूरच्या रेडिओवर तिचा आवाज आला. ऑपरेटरने विचारले ते तिने ऐकले, बेटावरच्या सिस्टरने सांगितलेली हवा जशीच्या तशी परत म्हणून दाखवली. खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मामांनी टाळी वाजवली.

"तार कशी आहे?" ऑपरेटरने विचारले.

"छान आहे," कॅप्टन म्हणाली. "काकांना सांगा, छान आहे."

साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो बाजूला केला, पुढे झाले आणि माइक हातात घेतला.

"छान म्हणू नकोस. काय ऐकू येतं ते सांग."

पलीकडून काही आले नाही. नुसती खरखर. काका माइककडे बघत उभे होते. एका शब्दासाठी ते इतके थांबलेले काकूंनी कधी पाहिले नव्हते.

"काका," शेवटी आवाज आला. "काचेचा हीटर लावला की शिट्टी येते. अगदी बारीक. हीटर बंद केला की जाते. त्या दिवशी काकू ऐकत होत्या तेव्हा हीटर लावला नव्हता."

मावशीने तोंडाला पदर लावला. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आणि तारकाकांचा चेहरा असा फुलला की लग्नातल्या रडण्याची चेष्टा करणाऱ्यांनी तो बघायला हवा होता. डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"हां, आता कसं बोललीस!" ते माइकमध्ये ओरडले. "किती बारीक? इंजिन वाढवलं की वाढते, की तेवढीच राहते?"

"तेवढीच राहते."

"म्हणजे हीटरचीच. उतरल्यावर हीटर लगेच बंद करू नकोस, मी शिडी घेऊन येतो." मग माइक ठेवून ते काकूंकडे वळले. "चल, उठ. अजून एकदा बसायचंय तुला."

"अंबाडा विसकटतो त्या टोपड्याने," काकू म्हणाल्या, आणि पर्स उचलून त्यांच्या मागोमाग निघाल्या.